आमच्या मातीचे संशोधन, परक्या कपाटात

दि. ११ डिसेंबर १९६७. पहाटेचे चार वाजून एकवीस मिनिटे. पाटण तालुक्यातील कोयनानगर आणि परिसरातील गावे साखरझोपेत असताना धरणी हादरली आणि काही क्षणांत नांदत्या घरांचे ढिगारे झाले. ६.३ तीव्रतेच्या त्या भूकंपाने पावणेदोनशेहून अधिक जीव घेतले. दख्खनचे पठार म्हणजे स्थिर, भक्कम भूमी, हा तोवरचा समजही त्याच पहाटे कोसळला. जलाशयात साठणारे पाणी आणि भूगर्भातील हालचाली यांचा परस्परसंबंध काय, हा प्रश्न जगभरातील भूशास्त्रज्ञांपुढे ठळकपणे उभा राहिला. आज या विषयावर जगात कोठेही ग्रंथ लिहिला गेला, तरी त्यात सातारा जिल्ह्यातील कोयनेचे नाव पहिल्या रांगेत असते.

हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेतील डॉ. हर्ष गुप्ता आणि डॉ. रस्तोगी या भारतीय शास्त्रज्ञांनी या प्रश्नाचा सखोल अभ्यास केला. ‘डॅम्स अँड अर्थक्वेक्स’ हा त्यांचा गाजलेला ग्रंथ १९७६ साली प्रसिद्ध झाला. तो अॅमस्टरडॅमहून, इंग्रजीत. पुढे पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने कराडजवळ प्रयोगशाळा उभारली आणि गोठणे येथे तीन किलोमीटर खोलीचे संशोधनविवर २०१७ साली पूर्ण केले. आपल्या शास्त्रज्ञांच्या या चिकाटीचा प्रत्येक भारतीयाला अभिमान वाटला पाहिजे. परंतु कोयनेच्या खोऱ्यात आजही अधूनमधून जमीन हादरते, फडताळातली भांडी वाजतात, म्हातारी माणसे अंगणात येऊन उभी राहतात. त्यांनी आपल्या शिकलेल्या नातवाला विचारले, ‘बाळा, हे का होतं रे?’ तर त्या नातवाच्या हाती, त्याच्या भाषेत, त्या साठ वर्षांच्या संशोधनातले काय पडते? ज्या मातीचे संशोधन झाले, त्या मातीतल्या माणसापर्यंत ते पोहोचले का?

आजच्या संपादकीयाचा विषय हाच प्रश्न आहे. वरवर पाहता तो विद्यापीठांच्या भिंतीआडचा, प्राध्यापकांचा प्रश्न वाटेल. प्रत्यक्षात तो आपल्या घरादाराचा प्रश्न आहे, आणि प्रसंगी जिवावरही बेततो. सांगलीकरांना हे वेगळे सांगायला नको.

२००५ साली कृष्णेला महापूर आला, तेव्हा सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी सुमारे ५४ फुटांपर्यंत चढले होते. त्या पुराची खूण अनेकांच्या घरांच्या भिंतींवर आणि त्याहून अधिक लोकांच्या मनांवर उमटली. ऑगस्ट २०१९ मध्ये नदी पुन्हा वाढू लागली, तेव्हा बहुतेकांनी हिशेब केला तो त्याच खुणेचा. सामान त्या खुणेच्या वर ठेवले, जनावरे उंचवट्यावर बांधली आणि माणसे निर्धास्त राहिली. या वेळी पाणी ५७ फुटांच्या पुढे गेले. ८ ऑगस्ट रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पुरातून बाहेर पडू पाहणाऱ्या ग्रामस्थांची नाव उलटली आणि अनेक कुटुंबे उद्ध्वस्त झाली. महिला होत्या, लहान मुले होती. ते दृश्य आठवले की आजही मन विषण्ण होते.

पूररेषा म्हणजे काय, हे जलशास्त्राला ठाऊक आहे. सरासरी २५ वर्षांत एकदा येऊ शकणाऱ्या पुराची निळी रेषा आणि १०० वर्षांत एकदा येऊ शकणाऱ्या पुराची लाल रेषा, अशी त्याची आखणी असते. भिंतीवरची जुनी खूण ही नदीची मर्यादा नव्हे, नदीने एकदा दाखवलेली ती केवळ एक पातळी होय, एवढे एक वाक्य या शास्त्राचे सार आहे. ते वाक्य इंग्रजी शोधनिबंधांत आहे, शासकीय नकाशांत आहे. नदीकाठच्या गावांच्या चावडीवर मात्र ते कोणी लिहिले नाही. ते लिहिले असते तर सारे प्राण वाचले असते, असा दावा आम्ही करणार नाही. पण निर्णय घेण्याच्या घटकेला माणसाच्या हाती केवळ भिंतीवरची खूण असणे आणि नदीचे ज्ञान असणे, यांत फार मोठे अंतर आहे.

महापुरानंतर निवृत्त प्रधान सचिव नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिने २०२० साली अहवाल दिला. अतिवृष्टी आणि नदीपात्रातील अतिक्रमणे यांवर समितीने बोट ठेवले आणि कर्नाटकातील अलमट्टी धरणाला २०१९च्या पुराचे कारण मानले नाही. सांगलीतील अनेक जाणकार नागरिकांना आणि निवृत्त अभियंत्यांना हा निष्कर्ष मान्य नाही. अलमट्टीची पाणीपातळी ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटरवर नेण्याचा कर्नाटकचा मनोदय आहे आणि २०२५ मध्ये महाराष्ट्राने त्यास विरोध नोंदवला आहे. या वादात कोणाची बाजू शास्त्राला धरून आहे, हे ठरवण्याची ही जागा नव्हे. आमचे म्हणणे वेगळे आहे. ज्यांच्या उंबऱ्याशी पाणी येणार आहे, त्या हरिपूर, भिलवडी किंवा वाळव्याच्या नागरिकाला हे आकडे, हे नकाशे, हे दोन्ही बाजूंचे युक्तिवाद स्वतः वाचून आपले मत बनवता येते काय? येत नसेल, तर त्याच्यापुढे दोनच मार्ग उरतात. पुढाऱ्याच्या भाषणावर विश्वास ठेवणे, नाही तर अफवेवर.

अफवेने काय होते, याचे उदाहरण साताऱ्याच्या डोंगराळ भागाने पाहिले आहे. डॉ. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट तज्ज्ञ समितीने ऑगस्ट २०११ मध्ये अहवाल सादर केला. तो केंद्र शासनाने दडवून ठेवला. माहिती आयोगाने आदेश दिला, तरी मंत्रालय दिल्ली उच्च न्यायालयात गेले. तेथे हार झाल्यावर मे २०१२ मध्ये तो पाचशेहून अधिक पानांचा इंग्रजी अहवाल जनतेला पाहायला मिळाला. हा अहवाल स्थानिक भाषांत आणून ग्रामसभांपुढे ठेवावा, हा स्वतः गाडगीळांचा आग्रह होता. अहवालातील प्रत्येक शिफारस मान्य करावी असे आमचे मत नाही. तिची चिकित्सा व्हायलाच हवी. पण चिकित्सा करायला आधी वाचावे लागते! घाटमाथ्यावरच्या गावांत अहवालाआधी पोहोचली ती अफवा: घराला खिळा ठोकायलाही परवानगी लागणार, जमिनी जाणार. माणसे भयभीत झाली आणि खाणवाल्यांचे आयतेच फावले. पुढे जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे येथे दरडी कोसळून माणसे गाडली गेली, तेव्हा ‘अहवालात काय म्हटले होते’ याची चर्चा दूरचित्रवाणीवर रंगली. दहा वर्षांनी, आणि तीही मुंबईत बसून.

हे एकाच दिशेने वाहणारे ज्ञान कधी कधी शास्त्राचेही नुकसान करते. साताऱ्याजवळचे कास पठार २०१२ साली पश्चिम घाटातील इतर स्थळांसह जागतिक वारसा ठरले. तेथे फुलणाऱ्या वायतुऱ्याला वनस्पतिशास्त्राने ‘अपोनोजेटॉन सातारेन्सिस’ असे नाव दिले. साताऱ्याचे नाव अशा रीतीने जगाच्या वनस्पतिकोशात अमर झाले. पर्यटकांच्या झुंडींपासून पठार वाचवण्यासाठी तेथे कुंपण घालण्यात आले. हेतू चांगलाच होता. पण गुरे चरली नाहीत तर गवत माजते आणि फुलांना जागा उरत नाही, हे पिढ्यान्‌पिढ्या गुरे राखणारे गावकरी सांगत होते. अखेर ते कुंपण काढावे लागले. लोकांकडे ज्ञान होते. त्याला ‘संशोधन’ म्हणून मान नव्हता, कारण ते इंग्रजीत छापलेले नव्हते.

असे का घडते? आपल्या प्राध्यापकांना समाजाची कणव नाही म्हणून? आम्हाला तसे वाटत नाही. दोष व्यवस्थेच्या बांधणीत आहे. आशियातील शास्त्रज्ञ आपल्या देशातील नद्या, जंगले, रोग, दुष्काळ यांचा अभ्यास करतात, बहुतांशी सरकारी म्हणजे करदात्यांच्या पैशावर. तो निबंध युरोप-अमेरिकेतील मूठभर प्रकाशनसंस्थांच्या नियतकालिकांत छापून येतो. परीक्षण करणारे विद्वान विनामूल्य काम करतात. मग तोच निबंध वाचण्यासाठी आमचीच ग्रंथालये भरमसाट वर्गणी भरतात. आणि निबंध सर्वांना खुला ठेवायचा तर नामांकित नियतकालिकांत लेखकालाच काही लाख रुपये मोजावे लागतात. शेत आमचे, राबणारे हात आमचे, बियाणे आमचे. धान्य मात्र परक्या कोठारातून विकत घ्यायचे. नीळ आणि कापसाच्या काळातला हा जुनाच व्यापार नव्हे काय?

याला आपल्याकडच्या गुणांच्या हिशेबाची जोड मिळाली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१०च्या नियमावलीने शिक्षकांची पदोन्नती शोधनिबंधांच्या गुणांशी बांधली. २०१६च्या नियमांनी पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्यापूर्वी एक निबंध छापणे सक्तीचे केले. ती अट २०२२ मध्ये काढून टाकण्यात आली. मधल्या काळात गावोगाव ‘आंतरराष्ट्रीय’ नियतकालिकांचे पीक आले. पैसे भरा, आठ दिवसांत निबंध छापून घ्या! आमच्या परिचयाचे एक मराठीचे प्राध्यापक खंत व्यक्त करीत म्हणाले, “ज्ञानेश्वरीवर वीस वर्षे शिकवतो आहे. पण बढतीच्या फाइलीत त्याला शून्य गुण. इंग्रजी नावाच्या एका मासिकाला पैसे भरले, तेव्हा कोठे गाडी पुढे सरकली.” ही खंत त्यांच्या एकट्याची नाही.

पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातील डॉ. भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये या बाजाराचे वाभाडे काढले. आयोगाच्या मान्यताप्राप्त यादीत विद्यापीठांच्या शिफारशीने आलेली जी १,००९ नियतकालिके त्यांनी तपासली, त्यांतील ८८ टक्क्यांहून अधिक निकषांना उतरली नाहीत. त्याच वर्षी आयोगाने ४,३०५ नावे यादीतून काढली आणि पुढे ‘केअर’ नावाची नवी यादी आणली. फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद करून पारख करण्याची जबाबदारी पुन्हा संस्थांवर सोपवण्यात आली. याद्या येतील आणि जातील. जोवर संशोधनाची किंमत छापील पानांच्या संख्येने होईल, तोवर हा बाजार बंद पडणार नाही.

यावर ‘विज्ञान वैश्विक आहे, त्याची भाषा इंग्रजी आहे, भाषेचा अभिमान येथे कशाला?’ असा आक्षेप घेतला जाईल. आक्षेपात तथ्य आहे. कोयनेचे संशोधन इंग्रजीत प्रसिद्ध झाले म्हणूनच जगातील इतर धरणांच्या बांधणीला त्याचा उपयोग झाला. जगाशी बोलणे थांबवा, असे कोणीही सुज्ञ माणूस सांगणार नाही. पण जगाशी बोलणारा घरातल्यांशी अबोला धरीत नाही. आपल्या परंपरेने मनुष्यजन्माबरोबर येणारी ऋणे सांगितली, त्यांत ऋषिऋण आहे. ते अध्ययनाने आणि अध्यापनाने फिटते. शिकायचे आणि शिकलेले पुढे द्यायचे. ज्या गावाने आपले घर, आपली विहीर, आपला रोग आणि आपली कहाणी अभ्यासकापुढे उघडी केली, त्या गावाचेही ऋण त्याच्या डोक्यावर असते.

इतर आशियाई देश या ऋणाचा विचार कसा करतात, तेही पाहावे. जपानमध्ये शासकीय संस्थेने १९९९ पासून देशातील विद्वत्सभांची नियतकालिके एका संगणकीय मंचावर आणली. जपानी भाषेतील शोधनिबंध तेथे सन्मानाने नांदतात. इंडोनेशियाची खुली नियतकालिके संख्येने जगात आघाडीवर आहेत, आणि त्यांतील कित्येक स्वभाषेत निघतात. चीनने फेब्रुवारी २०२० मध्ये केवळ परदेशी निबंधांच्या मोजणीवर मूल्यमापन करण्यास आळा घातला आणि प्रातिनिधिक निबंधांपैकी किमान एक-तृतीयांश स्वदेशी नियतकालिकांतले असावेत, असे ठरवले. चीनची राज्यपद्धती आपल्याला अनुकरणीय नाही आणि इंडोनेशियातही संख्येबरोबर कस टिकतोच असे नाही. परंतु ‘इंग्रजीवाचून ज्ञानव्यवहार अशक्य’ हा आपला समज या देशांनी खोटा ठरवला आहे, एवढे निश्चित.

आणि बाहेरचे दाखले तरी कशाला? काखेत कळसा आणि गावाला वळसा! ज्या १९७६ साली कोयनेवरचा तो ग्रंथ अॅमस्टरडॅमहून निघाला, त्याच साली त्याच सातारा जिल्ह्यात, कृष्णाकाठच्या वाईत, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखालील मराठी विश्वकोशाचा पहिला खंड प्रसिद्ध झाला. अणुशास्त्रापासून अलंकारशास्त्रापर्यंत जगाचे ज्ञान मराठीत आणण्याचा तो संकल्प होता. तर्कतीर्थांच्या साऱ्याच मतांशी आमचे जुळले असे नाही. पण वाईच्या प्राज्ञपाठशाळेतील शास्त्राध्ययनातून घडलेला हा पंडित आधुनिक विज्ञानाची परिभाषा मराठीत घडवीत होता, हे पाहून कोणाचाही माथा नम्र व्हावा. ‘धर्मकोशा’सारखे प्रचंड काम याच पाठशाळेचे आणि ‘नवभारत’ हे गंभीर विचाराचे मासिकही तिचेच.

सांगली जिल्ह्याचे उदाहरण याहून बोलके आहे. कोल्हापूरचे गणिताचे अध्यापक श्रीपाद दाभोळकर यांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला आणि तासगावच्या द्राक्षबागायतदारांना शास्त्रज्ञ बनवले. पान कसे काम करते, मुळांना किती पाणी लागते, छाटणी केव्हा करावी, हे शेतकरी स्वतःच्या बागेत पडताळून पाहू लागला, नोंदी ठेवू लागला आणि त्या दुसऱ्याला सांगू लागला. तासगाव तालुक्यातच ‘तास-ए-गणेश’ हे वाण निवडीतून पुढे आले. द्राक्षबागायतदार संघाच्या ‘द्राक्षवृत्ता’ने हे ज्ञान मराठीत बांधावर नेले. येथे प्रयोग होता, नोंद होती, परीक्षण होते आणि प्रकाशनही होते. त्याला आयोगाचे गुण नव्हते, एवढेच. दुष्काळी मुलखातून सातासमुद्रापार गेलेली द्राक्षे हीच त्याची गुणपत्रिका.

केंद्र शासनाने १ जानेवारी २०२५ पासून ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ ही योजना सुरू केली आहे. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके, ६,३०० हून अधिक शासकीय संस्था आणि सुमारे एक कोटी ऐंशी लाख विद्यार्थी-संशोधक असा तिचा विस्तार आहे. आजवर जे बड्या संस्थांनाच परवडत होते, ते आता आडगावच्या शासकीय महाविद्यालयातील विद्यार्थ्यालाही वाचता येईल. या निर्णयाचे आम्ही मनःपूर्वक स्वागत करतो. तथापि ही खिडकी शासकीय संस्थांपुरती उघडली आहे. तासगावचा बागायतदार, ब्रह्मनाळचा तरुण, पाटणचा शिक्षक तिच्या बाहेर आहे. शिवाय खिडकीतून दिसणारे सारे इंग्रजीत. आपलेच धान्य परक्या कोठारातून स्वस्तात मिळू लागले, ही सोय झाली. आपले कोठार बांधण्याचे काम अद्याप बाकी आहे.

त्यासाठी फार मोठा खर्च लागत नाही. सातारा-सांगलीच्या नदी, डोंगर, शेती, आरोग्य, समाज यांवर जो कोणी सार्वजनिक पैशातून प्रबंध लिहील, त्याने त्याचे दहा-पंधरा पानांचे सुबोध मराठी सार प्रबंधासोबत द्यावे, असा नियम विद्यापीठांनी करावा. ते सार संबंधित ग्रामपंचायतीकडे आणि तालुक्याच्या ग्रंथालयात पोहोचावे. पूर, भूकंप, दरडी यांविषयीचा प्रत्येक शासकीय अहवाल मराठीत प्रसिद्ध होऊन ग्रामसभेत वाचला जावा. आणि उत्तम मराठी शास्त्रलेखनाला पदोन्नतीच्या हिशेबात मानाचे स्थान मिळावे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय झाला, तेव्हा आपण पेढे वाटले. भाषा अभिजात ठरते ती तिच्या पूर्वसंचितावर. ती जिवंत राहते ती आजचे ज्ञान तिच्यात उतरते म्हणून.

शासन आणि विद्यापीठे करतील तेव्हा करोत. आपणही काही करू शकतो. आपापल्या गावात एखादा निवृत्त अभियंता, एखादी शिक्षिका, एखादा शास्त्र शाखेचा पदवीधर असतोच. पुराच्या वेळी गळ्याएवढ्या पाण्यात उतरून मदत करणारे आमचे कार्यकर्ते कमी नाहीत. त्यांच्या सेवेला वंदन. पण पूर ओसरल्यावर, उन्हाळ्याच्या एखाद्या संध्याकाळी, गावातील पंचवीस माणसे पारावर जमवून पूररेषेचा नकाशा समजावून सांगणे, जुन्या पुरांच्या खुणा नोंदवणे, म्हाताऱ्यांना आठवणारे पाऊसमान लिहून ठेवणे, हीदेखील सेवाच आहे. त्यातले लोकांचे ज्ञान अभ्यासकाकडे जाईल आणि अभ्यासकाचे ज्ञान लोकांकडे येईल. घरोघरी मुले बारावीनंतर ‘स्कोप’ कशाला, असे विचारतात. त्यांना एकदा कासच्या पठारावर, कोयनेच्या काठावर आणि वाईच्या विश्वकोश कार्यालयात घेऊन जावे. आपल्या मातीविषयी जगाला कुतूहल आहे आणि आपल्यालाच ते नाही, याची थोडी लाज त्यांना वाटली तरी खूप झाले.

कृष्णा महाबळेश्वरी उगम पावते, वाई-कराड-सांगलीला पाणी पाजत पूर्वसमुद्राला मिळते. त्या समुद्राचीच वाफ होते, मेघ होतात आणि पावसाळ्यात ते पुन्हा सह्याद्रीवर येऊन बरसतात. म्हणून नदी आटत नाही. ज्ञानाचेही तसेच आहे. येथून गेलेले ज्ञान येथे परत बरसले नाही, तर उगमच कोरडा पडेल. पुढच्या पावसाळ्यात आयर्विन पुलाशी पाणी पुन्हा चढेल, तेव्हा नदीकाठच्या घरातील माणसाच्या हाती भिंतीवरच्या जुन्या खुणेखेरीज आणखी काही असेल की नाही, हे आज आपण काय करतो यावर ठरणार आहे.